स्मृती कोणाच्या ताब्यात? कारखान्यातला संगणक आणि आमचा पुरावा

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि तिकडे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात कागदी हजेरीपट आता क्वचितच दिसतो. कामगार फाटकातून आत येतो तो यंत्रावर बोट टेकवून किंवा कॅमेऱ्याला चेहरा दाखवून. तो किती वाजता आला, किती वाजता गेला, त्याचा ओव्हरटाइम किती झाला, अपघात घडला तेव्हा तो कोणत्या मशीनवर होता, हे सारे संगणकात जाते. हा संगणक मालकाचा असतो, नाहीतर कंत्राटदाराचा. ज्याच्या घामाची ही नोंद, त्याच्या हाती प्लॅस्टिकच्या ओळखपत्रापलीकडे काही नसते. कामावरून कमी केले की ते ओळखपत्रही फाटकावरच काढून घेतले जाते.

मग हा कामगार न्यायालयात उभा राहतो आणि त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, तुम्ही तिथे काम करीत होता याला पुरावा काय? बारा महिन्यांत २४० दिवस भरल्याचे दाखवा, मग पुढचे बोलू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे २४० दिवसांचे सूत्र होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. म्हणजे कायदा बदलला तरी प्रश्न तोच राहिला. बदलली ती पुराव्याची जागा. पूर्वी तो कपाटात होता, आता तो संगणकाच्या स्मृतीत आहे. म्हणूनच संगणकाची स्मृती म्हणजे काय, ती कधी पुसली जाते, कधी टिकते आणि कधी बदलली जाते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. तो आमच्या न्यायाचा प्रश्न झाला आहे.

स्मृती हा शब्द आमच्या समाजाला नवीन नाही. एक स्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळली, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, चवदार तळ्याबाबत महाडच्या न्यायालयात सनातन्यांनी दावा दाखल केला होता, त्याची आठवण आपण कमी काढतो. त्यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. म्हणजे तेही आठवणीचाच दाखला देत होते. बाबासाहेब या दाव्यात स्वतः प्रतिवादी होते आणि त्यांनी ही लढाई दहा वर्षे लढली. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे हे कागदावरून पुढे आले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी आठवण पुराव्यापुढे टिकली नाही. कोणी काहीही सांगो, त्याची नोंद दाखवा, ती कोणी ठेवली ते सांगा आणि ती खरी कशावरून तेही सिद्ध करा, ही शिस्त आम्ही तिथून शिकलो. आज हीच शिस्त संगणकाला लावायची आहे.

आता या यंत्राकडे वळू. संगणकात ढोबळमानाने दोन प्रकारची स्मृती असते. पहिली तात्पुरती. तिला रॅम म्हणतात. कारागीर काम करताना हत्यारे आणि सुटे भाग समोरच्या बाकावर मांडतो, तसा संगणक चालू कामाचा मजकूर रॅममध्ये मांडतो. रॅमचा प्रत्येक कण म्हणजे विजेचा भार धरून ठेवणारा एक इवलासा रांजण, आणि तो गळका असतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणे थांबते आणि मजकूर नाहीसा होतो. आपल्या पट्ट्यात गुरुवारी वीज जाणे काही नवे नाही. अर्धवट टाईप केलेले पत्र जतन न करता वीज गेली की ते पत्र गेले, हा अनुभव प्रत्येक झेरॉक्सवाल्याने आणि प्रत्येक वकिलाच्या कारकुनाने घेतलेला आहे.

दुसरी स्मृती कायम स्वरूपाची. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मोबाइलचे कार्ड, नव्या संगणकातील एसएसडी, हे सारे त्यात मोडतात. वीज गेली तरी त्यातील मजकूर राहतो. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली गेली असे होत नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून पुस्तकाचे नाव खोडले, पण पुस्तक मात्र फळीवर तसेच राहिले, असा तो प्रकार असतो. त्या फळीवर दुसरे पुस्तक ठेवले जाईपर्यंत जुने सापडू शकते. एसएसडीचे तसे नाही. तिथे डिलीट केलेली जागा यंत्र स्वतःहूनच साफ करीत राहते, म्हणून तिथला पुसलेला मजकूर परत मिळण्याची शक्यता कमी, आणि उशीर झाला तर ती आणखी कमी होते.

या दोन स्मृतींमधली भिंत मात्र पक्की नाही. संगणक हायबरनेट केला की रॅममधला सारा मजकूर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवला जातो. म्हणजे जे तात्पुरते वाटत होते ते कायमच्या जागी जाऊन बसते. उलट, अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि चिप अतिशय थंड केली तर काही मिनिटेही टिकतो. तेवढ्या वेळात डिस्कच्या सांकेतिक कुलपाची किल्ली चोरता येते. याखेरीज मदरबोर्डवर, नेटवर्क कार्डात, मोठ्या झेरॉक्स यंत्रात लहानमोठ्या कायम स्मृती दडलेल्या असतात. म्हणूनच डेल, एचपी यांसारख्या कंपन्या आपल्या वर्कस्टेशनबरोबर असा तक्ता प्रसिद्ध करतात की या यंत्रातील कोणत्या भागात वीज गेल्यावरही मजकूर राहतो आणि तो कसा पुसायचा. गाडीचे, इंजिनचे नकाशे काढणाऱ्या कारखान्याला हा तक्ता महत्त्वाचा वाटतो, कारण त्या नकाशांची किंमत कोट्यवधींची असते.

इथेच आमचा पहिला सवाल आहे. चाकणच्या अनेक कारखान्यांत कामगाराच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर फाटकापाशी स्टिकर चिकटवतात, का तर नव्या मॉडेलचा फोटो बाहेर जाऊ नये. मालकाच्या डिझाइनची काळजी मालकाने जरूर घ्यावी. पण याच कामगाराचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला, बोटांचे ठसे आणि चेहरा कंत्राटदाराच्या एखाद्या लॅपटॉपवर कुलूप न लावता पडलेले असतात, त्यांची काळजी कोण घेतो? कंत्राट संपले, कंत्राटदार बदलला, लॅपटॉप भंगारात गेला, तर त्या हार्ड डिस्कचे काय होते? चिखलीच्या कुदळवाडीतील भंगाराची गोदामे महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडोझर लावून पाडली. गोदामे पडली म्हणून भंगार थांबत नाही, ते दुसरीकडे जाते. आणि त्या भंगारातल्या डिस्कवर डिलीट केलेली माहिती तशीच पडून असू शकते. बोटाचा ठसा पासवर्डसारखा बदलता येत नाही, तो एकदा बाहेर गेला की जन्मभरासाठी गेला. नकाशाला जेवढे कुलूप, तेवढेच कामगाराच्या ठशाला का नाही?

दुसरा सवाल पुराव्याचा. कामावरून कमी केलेले कंत्राटी कामगार आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांना एकच उत्तर मिळालेले असते, सर्व्हर क्रॅश झाला, जुना डेटा उडाला. हे उत्तर ऐकून कामगार खचतो. कारण संगणक म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि उडाला म्हणजे संपला असे त्याला वाटते. वर सांगितलेले यंत्राचे गणित इथे उपयोगी पडते. हजेरी यंत्राच्या पोटात स्वतःची कायम स्मृती असते, नोंद आधी तिथे होते आणि मग सर्व्हरवर जाते. सर्व्हरचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर असतो. कंत्राटदार मूळ कंपनीला महिन्याचे बिल देतो ते हजेरीच्या हिशोबानेच. पगार बँकेत जमा होतो. भविष्य निर्वाह निधीची रक्कम महिन्याच्या महिन्याला युनिव्हर्सल अकाउंट नंबरवर जमा होते आणि तिचे पासबुक कामगार स्वतः मोबाइलवर पाहू शकतो. म्हणजे एका यंत्रातली नोंद गेली तरी तिची सावली चार ठिकाणी पडलेली असते. सर्व्हर क्रॅश झाला हे उत्तर ऐकून परत फिरायचे नसते, तिथून चौकशी सुरू करायची असते.

कायदा इथे आपल्या बाजूने अर्धा आहे, अर्धा नाही. कामगाराने २४० दिवस काम केल्याचे नुसते प्रतिज्ञापत्रावर सांगून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हदिमनी प्रकरणात म्हटले. मात्र २००५ साली येल्लत्ती प्रकरणात याच न्यायालयाने मान्य केले की रोजंदारीवरच्या माणसाकडे नेमणूकपत्र किंवा पगारपत्रक नसतेच. त्याने शपथेवर साक्ष द्यावी आणि मालकाला हजेरीपट हजर करायला लावावे. हातातला कागद मालकाने दडवला तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढायचा की नाही, हे प्रकरणाच्या परिस्थितीवर ठरेल. याचा व्यवहारातला अर्थ असा की मागणी वेळेत आणि नेमकी झाली पाहिजे. सगळा रेकॉर्ड द्या अशी मोघम मागणी केली तर मोघम उत्तर येते. अमुक फाटकावरील हजेरी यंत्रातील मूळ नोंदी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, सर्व्हरचा बॅकअप, आणि त्या नोंदीत नंतर कोणी बदल केला असेल तर त्या बदलाची नोंद, असे लिहून मागितले की टाळाटाळ करणे अवघड होते.

संगणकातील नोंद न्यायालयात कशी चालते, याचा महत्त्वाचा धडा आपल्याच महाराष्ट्रातून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर स्वीकारला गेला, असा आक्षेप होता आणि त्याचा पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे लागणारे प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवड रद्द केली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल कायम केला. न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तोच प्रमाणपत्र नाकारीत असेल आणि पक्षकाराने आपल्या हातून शक्य ते सारे केले असेल, न्यायालयाकडे अर्जही केला असेल, तर त्याला अशक्य गोष्टीची शिक्षा देता येणार नाही. आमदारकीच्या भांडणातून निघालेला हा निकाल चाकणच्या कंत्राटी कामगारासाठी लाखमोलाचा आहे. यंत्र मालकाकडे, प्रमाणपत्र मालक देईना, अशीच तर त्याची अवस्था असते. त्याने लेखी मागणी करावी, नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर न्यायालयात अर्ज द्यावा, आणि या सगळ्याची पोच जपून ठेवावी.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये आता चुंबकीय आणि प्रकाशीय साधनांबरोबर सेमीकंडक्टर मेमरीचाही उल्लेख आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. विशिष्ट गणिती पद्धतीने फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून एक लांबलचक आकडा काढतात. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो. पंचनाम्यावर आपण पंचांच्या सह्या आणि लाखेचे सील घेतो, तसे हे डिजिटल सील. जप्तीच्या जागेवर काढलेला हॅश आणि न्यायालयात काढलेला हॅश जुळला तर मधल्या काळात कोणी हात लावला नाही असे म्हणता येते.

हे सील किती महत्त्वाचे आहे, हे आमच्या चळवळीला कोणी सांगायला नको. चाकणहून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्याने गेले की पुढे कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी २०१८ रोजी तिथे विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या जनतेवर हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, पिंपरी पोलीस ठाण्यात संभाजी भिडे आणि मिलिंद एकबोटे यांच्याविरुद्ध फिर्याद नोंदवली गेली आणि नंतर ती शिक्रापूरकडे वर्ग झाली. देशभर गाजली ती मात्र ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदवलेली दुसरी फिर्याद. या दुसऱ्या फिर्यादीच्या तपासात १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन, नागपुरात ॲड. सुरेंद्र गडलिंग आणि इतरांच्या घरी छापे पडले आणि संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह जप्त झाले. या डिस्कमध्ये सापडली असे सांगितलेल्या पत्रांवर खटल्याचा मोठा भाग उभा राहिला. हॅश व्हॅल्यू जप्तीच्या वेळी जागेवरच दिली गेली नाही, हा बचाव पक्षाचा आक्षेप तेव्हापासूनचा आहे.

बचाव पक्षाच्या मागणीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने डिस्कच्या प्रतींची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या अहवालात तिने म्हटले की विल्सन यांच्या संगणकात जून २०१६ मध्ये नेटवायर नावाचा घातक प्रोग्रॅम शिरवला गेला, बावीस महिन्यांहून अधिक काळ बाहेरच्या माणसाचा त्यावर ताबा होता, आणि दहा पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून आणून ठेवली गेली. ती पत्रे तयार करताना वापरलेली वर्ड प्रोग्रॅमची आवृत्ती विल्सन यांच्या संगणकात नव्हतीच, आणि ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडल्याची खूणही नव्हती. गडलिंग यांच्या संगणकाबाबतही असाच अहवाल २०२१ मध्ये आला. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीत असताना वारले. त्यांच्या संगणकाबाबतचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. त्यात म्हटले आहे की १२ जून २०१९ च्या जप्तीच्या आदल्या दिवशी, ११ जूनला, त्या बाहेरच्या माणसाने आपल्या खुणा पुसण्याची लगबग केली.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. ते आरोपपत्राचा भाग नाहीत, असे तिचे म्हणणे आहे. त्यांची कसोटी खटल्यात लागली पाहिजे, असे आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून म्हणतो. पण ही कसोटी लागेपर्यंत माणसे तुरुंगात राहतात. विल्सन आणि सुधीर ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तोवर साडेसहा वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि खटला सुरूही झालेला नव्हता. डिस्क खरे बोलते की खोटे, हे ठरण्याआधीच शिक्षा भोगून झाली म्हणायची.

या प्रकरणातून कायदा आणि तंत्र यांचा जो धडा निघतो तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केला पाहिजे. हॅश व्हॅल्यू फक्त एवढेच सांगते की सील केल्यानंतर मजकूर बदलला नाही. सील करण्याआधी तो मजकूर कोणी ठेवला, हे हॅश सांगत नाही. एखाद्याच्या घरात रात्री कोणी चोरीचा माल टाकला आणि सकाळी पोलिसांनी पंचांसमक्ष तो नीट सील केला, तर सील खरे असते, पण माल त्या घरमालकाचा ठरत नाही. म्हणून हॅश मागायची, आणि हॅशवर थांबायचे नाही. फाइल कधी आली, कोणत्या मार्गाने आली, कोणी उघडली, त्या वेळी संगणकावर आणखी कोणता प्रोग्रॅम चालू होता, हे विचारायचे. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे नेमके उत्तर चालू संगणकाच्या रॅममध्ये असते. पोलिसांनी येऊन संगणकाची वायर उपटली की ते उत्तर बहुतांशी गेले. लवकर नाहीसा होणारा पुरावा आधी गोळा करावा, ही शिस्त इंटरनेटच्या जाणकारांनी २००२ सालीच लिहून ठेवली आहे. आपल्याकडे वायर उपटणारा हात कोणाचा आणि त्याला ही शिस्त शिकवली आहे का, हे कोण विचारणार?

संगणक खोटे बोलत नाही, असे काही सुशिक्षित मंडळी आम्हाला सांगतात. खरे आहे, संगणक खोटे बोलत नाही. तो खरेही बोलत नाही. त्याच्यात जे ठेवले ते तो धरून ठेवतो. मालकाने ठेवले तर मालकाचे, हॅकरने ठेवले तर हॅकरचे. कोणत्याही गोष्टीवर ती ऐकीव आहे म्हणून, परंपरेची आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. पडद्यावर दिसते म्हणून विश्वास ठेवू नका, एवढीच भर त्यात आजच्या काळात घालावी लागेल.

आता मागण्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या प्रत्येक ठाण्यात झाली पाहिजे, आणि संगणक किंवा मोबाइल जप्त करताना हॅश व्हॅल्यू जागेवरच काढून तिची प्रत त्या माणसाला दिली पाहिजे. जे तांत्रिक कारणाने जागेवर शक्य नाही ते का शक्य नाही, हे पंचनाम्यात लिहावे. एसएसडीत तर वीज जोडली की यंत्र आपोआप साफसफाई करू शकते, त्यामुळे दोन वेळचा हॅश जुळेलच असे नसते. हे माहीत असलेला माणूस जप्तीच्या पथकात हवाच.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची. नव्या प्रमाणपत्राचा पहिला भाग पक्षकाराने आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. मोठ्या कंपनीला तज्ज्ञ मिळेल, त्याची फी देणे तिला जड नाही. महिना पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या कंत्राटी कामगाराने तज्ज्ञ कुठून आणायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ ने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. मोफत वकील दिला आणि पुराव्याचा दरवाजा उघडणारा तज्ज्ञ दिला नाही, तर हा हक्क अर्धाच राहतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने वकिलांच्या यादीबरोबर संगणक तज्ज्ञांची यादी करावी आणि त्यांची फी शासनाने द्यावी. हिंजवडीत संगणकाचे ज्ञान असलेले हजारो तरुण आहेत, त्यांत आमच्याही समाजाची मुले आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार या कामाला दिला तर चळवळीला मोठा आधार होईल.

तिसरी गोष्ट शासनाकडे मागायची नाही, ती आपली आपण करायची आहे. कामगाराने नेमणूकपत्र मागावे, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ते देणे मालकावर बंधनकारक केले आहे. दर महिन्याची पगार स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आपल्याकडे उतरवून ठेवावे, घरी एक प्रत आणि दुसऱ्या विश्वासू माणसाकडे एक. कामावरून कमी केले किंवा अपघात झाला तर पहिल्या आठवड्यातच मालक आणि कंत्राटदार दोघांना पोच मिळेल अशा पोस्टाने नोटीस द्यावी की हजेरीच्या नोंदी आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवा. सीसीटीव्हीची डिस्क भरली की जुन्यावर नवे चित्रीकरण चढते, बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत. अत्याचाराच्या प्रकरणातही हेच लागू आहे. मोर्चा महिन्याने निघतो, निवेदन दोन महिन्यांनी जाते, तोवर चौकातल्या दुकानातील कॅमेऱ्याने पाहिलेले सारे पुसले गेलेले असते. पोलीस ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण अठरा महिने जपावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात दिला आहे. तो कागद हातात घेऊन चित्रीकरण मागणारा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत असला पाहिजे.

आणि आपल्या संघटनांचे काय? सभासदांची यादी एकाच्या लॅपटॉपवर, वर्गणीचा हिशोब दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह सायबर कॅफेपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे फिरतो. अनोळखी ई-मेलला जोडून आलेली फाइल कुतूहलाने उघडली जाते. घातक प्रोग्रॅम संगणकात शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. संघटनेच्या संगणकाच्या डिस्कला सांकेतिक कुलूप लावा. काम संपल्यावर तो झोपवून ठेवू नका, पूर्ण बंद करा, म्हणजे त्या कुलपाची किल्ली रॅममध्ये राहणार नाही. महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि त्यांचा हॅश वहीत तारखेसह लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. हे शिकायला पदवी लागत नाही, दहावी झालेला मुलगा एका दुपारी शिकतो.

कागदाच्या काळात आमच्या नोंदी तलाठ्याच्या दप्तरात, पाटलाच्या वाड्यात आणि सावकाराच्या चोपडीत होत्या. त्या वाचायला आम्ही शिकलो तेव्हा जमीन, पाणी आणि पगार मागता आला. आज त्याच नोंदी डिस्कवर गेल्या आहेत आणि त्या वाचणे पुन्हा थोड्याच लोकांच्या हाती राहिले आहे. चाकणच्या फाटकावर उद्या सकाळी पहिल्या पाळीला हजारो बोटे यंत्रावर टेकतील. त्या प्रत्येक बोटामागच्या माणसाला आपली नोंद कुठे जाते आणि ती कशी मागायची, एवढे तरी सांगणारे अभ्यासवर्ग या पावसाळ्याआधी प्रत्येक विहारात आणि प्रत्येक युनियनच्या कार्यालयात सुरू व्हावेत. शिकवायला आम्ही तयार आहोत. बोलावणे तुम्ही करायचे आहे.